कुलूप उघडण्याची विद्या

व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, शेती, आरोग्य हे विषय शोभतात. तेथे कुलूप उघडण्याची विद्या कशाला, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येईल. ही विद्या चोरांची, सभ्य माणसाने तिच्या वाटेस जाऊ नये, असा आपल्याकडे समज आहे. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. पिंपळगाव बसवंतसारख्या बाजाराच्या गावात कुलुपावाचून कोणाचे चालते? व्यापाऱ्याचे गोदाम, शेतकऱ्याची कांद्याची चाळ, विहिरीवरच्या मोटारीची पेटी, मुंबई-आग्रा रस्त्यावर रात्री उभा असलेला मालट्रक, आणि लग्नकार्याला बाहेरगावी जाताना आपण लावतो ते घराचे दार, या सर्वांची भिस्त हाताएवढ्या एका लोखंडी वस्तूवर असते. परंतु त्या वस्तूच्या पोटात काय आहे, ती कशाने उघडते आणि कशाने उघडत नाही, हे शंभरांत दोघांना तरी ठाऊक असेल की नाही, याची आम्हांस शंका आहे. ज्यावर विश्वास टाकावयाचा ते पारखून घ्यावे, एवढाच या विवेचनाचा हेतू.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘कुलूप’ हा शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून आपल्याकडे आला, येता येता त्यातील अक्षरांची अदलाबदल झाली. ‘चावी’ आली पोर्तुगीजांच्या ‘शाव्ही’ या शब्दावरून. म्हणजे आपण सहज ‘कुलूपचावी’ म्हणतो तेव्हा अरब व्यापारी आणि फिरंगी दर्यावर्दी यांना एकाच जोडशब्दात आणून बसवतो. मग परकीय येण्यापूर्वी आपल्याकडे दारे उघडी होती काय? तसे नव्हे. जुन्या वाड्याचे दार पाहा. आतून जाड लाकडी अडसर आडवा सरकवला की बाहेरून हत्ती आणल्याशिवाय दार हलावयाचे नाही. पण अडसर लावण्यास आत माणूस हवा. घरात सदैव दहा माणसे असत तोवर अडसराने काम भागले. घर रिकामे टाकून सगळेच बाहेर पडू लागले, तेव्हा बाहेरून बंद होणारे आणि आपल्यालाच उघडता येणारे साधन लागले. कुलूप हा गैरहजर मालकाचा राखणदार आहे. राखणदाराची बुद्धी किती, हे मालकाला माहीत असलेले बरे.

कुलुपाच्या पोटात

कुलुपांच्या तऱ्हा असंख्य, पण त्यांच्या मागच्या कल्पना मोजक्याच आहेत. सर्वांत साधी कल्पना अडथळ्याची. किल्लीच्या भोकाच्या आत धातूच्या एकदोन उभ्या कडा बसवलेल्या असतात. किल्लीच्या दातात त्या जागी खाच असली तरच ती फिरते. हा प्रकार फार जुना; युरोपात शतकानुशतके तोच चालला. यातील दोष एका वाक्यात सांगता येईल: किल्लीचा जो भाग अडथळ्यावर आपटतो तो सगळाच कानशीने घासून टाकला, तर उरलेली सडसडीत किल्ली त्या जातीची पुष्कळ कुलपे उघडते. स्वस्त ट्रंकांच्या आणि जुन्या कपाटांच्या कुलपांत हीच रचना आढळते. शेजाऱ्याच्या किल्लीने आपली ट्रंक उघडते, हा चमत्कार नव्हे. ती या रचनेची मर्यादा आहे.

दुसरी कल्पना लिव्हरची. आपण दुकानात ‘सात लिव्हरचे द्या’ असे म्हणतो, पण लिव्हर म्हणजे काय हे विचारीत नाही. कुलुपाच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. प्रत्येक पट्टी एका टोकाला खिळलेली, आणि स्प्रिंग तिला खाली दाबून धरते. प्रत्येकीत एक खाच कापलेली असते. कुलुपाची जी जीभ मागे सरावयाची, तिच्यावर एक खुंटी असते. किल्लीचे दात प्रत्येक पट्टीला ठराविक उंचीवर उचलतात; सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की खुंटी त्यांतून आत शिरते आणि जीभ सरकते. यातील मर्म असे की, पट्टी कमी उचलली तरी खुंटी अडते आणि जास्त उचलली तरी अडते. ही दुहेरी अट १७७८ साली इंग्लंडात रॉबर्ट बॅरन याने आणली, आणि आज आपल्या दारावर लोंबणारी बहुतेक भारी कुलपे त्याच घराण्यातील आहेत.

तिसरी कल्पना पिनांची. तिचे मूळ प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांपर्यंत जाते. तिला आजचे सुटसुटीत रूप अमेरिकेत लायनस येल या पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकात दिले. बंगल्याच्या आणि फ्लॅटच्या दारात बसवतात ते कुलूप बहुधा याच जातीचे. एका जाड नळीत एक गोल गाभा बसवलेला असतो आणि किल्ली त्या गाभ्यात जाते. नळी व गाभा या दोहोंतून आरपार पाच-सहा भोके पाडलेली असतात. प्रत्येक भोकात दोन पिना, एकीवर दुसरी, आणि वरून स्प्रिंगचा दाब. किल्ली नसते तेव्हा वरची पिन अर्धी नळीत आणि अर्धी गाभ्यात अडकून राहते. मग गाभा फिरणार कसा? योग्य किल्लीच्या चढउतारांनी प्रत्येक जोडी अशी उचलली जाते की, दोन पिनांमधला सांधा नेमका नळी आणि गाभा यांच्या सीमेवर येतो. पाचही सांधे सीमेवर आले की गाभा मोकळा होतो.

एक लाख आणि पन्नास

आता हिशेब करू. पाच पिना, आणि प्रत्येकीच्या दहा उंची शक्य आहेत असे धरा. मग निरनिराळ्या किल्ल्या होतील दहा गुणिले दहा असे पाच वेळा, म्हणजे एक लाख. एक लाख किल्ल्यांचा जुडगा घेऊन कोणी दाराशी उभा राहणार नाही. विक्रेता हाच आकडा सांगतो, आणि आकडा खोटाही नाही.

पण कारागीर निराळा हिशेब करतो. तो म्हणतो, पाचही पिना एकदम कशाला जुळवावयाच्या? एकेक जुळवली तर? पहिलीचे फार तर दहा प्रयत्न, दुसरीचे दहा, अशी पन्नासांत कामगिरी उरकते. गुणाकाराची बेरीज झाली! कुलूप उघडण्याच्या सगळ्या विद्येचे सार या एका गोष्टीत आहे.

पिना एकेक जुळवता येतात, याचे कारण माणसाच्या हातात आणि यंत्रात आहे. पाच भोके अगदी एका सरळ रेषेत पाडणे कोणत्याही कारखान्याला साधत नाही. केसाच्या अंशाएवढा फरक राहतोच. म्हणून गाभ्यावर फिरवण्याचा हलका ताण दिला की पाचही पिना सारख्या अडकत नाहीत. जिचे भोक सर्वांत पुढे, ती एकटीच घट्ट पकडली जाते. बाकीच्या सैल राहतात. ती शोधून हळूच उचलली आणि सांधा सीमेवर आला की, गाभा तिळभर फिरतो. वरची पिन सीमेच्या काठावर टेकून राहते, ती परत खाली येत नाही. आता दुसरी पिन घट्ट होते. तीही अशीच. पाचवी टेकली की कुलूप उघडले.

यासाठी लागणारी साधने दोनच. एक ताणपट्टी, म्हणजे काटकोनात वाकवलेली चपटी पोलादी पट्टी. ती किल्लीच्या भोकाच्या कडेला बसवून गाभ्यावर ताण ठेवावयाचा. दुसरी आकडी, म्हणजे टोकाला किंचित वर वळलेली पोलादी तार. तिने पिना एकेक चाचपावयाच्या. काही कारागीर लाटांसारख्या चढउताराची तार ठेवतात आणि ती पिनांवरून मागेपुढे ओढतात. हलक्या कुलुपात तेवढ्यानेच दोनतीन पिना आपोआप बसतात. नवशिका हटकून चुकतो तो ताणात. कुलूप उघडेना की तो जोर वाढवतो. जोर वाढला की सगळ्याच पिना आवळल्या जातात आणि हाताला काही उमगेनासे होते. वैद्य नाडी पाहतो तेव्हा मनगट आवळीत नाही. बोट अलगद ठेवतो. येथेही तसेच. शिकणाऱ्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकची कुलपे मिळतात. त्यांत प्रथम एकच पिन ठेवून, मग दोन, मग तीन अशी पायरीपायरीने तयारी करावी. जर्मनी, हॉलंड आदी देशांत याचे छंदमंडळ काढून लोक बुद्धिबळासारखे सामने खेळतात. त्यांचे दोन नियम लक्षात ठेवण्याजोगे आहेत: स्वतःच्या मालकीचे किंवा मालकाने परवानगी दिलेले कुलूपच हाती घ्यावे, आणि जे कुलूप रोजच्या वापरात आहे त्यावर प्रयोग करू नये. आकडीने पिना झिजतात, आणि एखादे दिवशी आपणच दाराबाहेर राहतो.

फूटपाथवरचा विद्वान

ही झाली किल्लीवाचून उघडण्याची रीत. आपल्या गावोगावचा चावीवाला मात्र बहुधा निराळे काम करतो, आणि आमच्या मते ते अधिक कौशल्याचे आहे. तो हरवलेली किल्ली पुन्हा जन्मास घालतो. पुढ्यात एक पेटी, कोऱ्या किल्ल्यांची माळ, लहानसा वाइस, हातोडी, पक्कड, आणि तीनचार कानशी: चपटी, त्रिकोणी, गोल. एवढ्या सामग्रीवर तो बसलेला असतो. कुलूप हाती आले की तो भोकात डोकावतो, माळेतून जुळती कोरी किल्ली निवडतो, तिच्यावर काजळी धरतो किंवा ती कानशीने घासून लख्ख करतो, आणि आत घालून फिरवण्याचा प्रयत्न करतो. किल्ली फिरत नाही. पण जी पिन किंवा लिव्हर तिच्यावर अडून दाबते, तिची बारीक खूण धातूवर उमटते. किल्ली बाहेर काढून तो उजेडाशी तिरपी धरतो आणि खूण असेल तेथे कानस एकदोनदा चालवतो. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. एखाद्या जागी योग्य खोली आली की तेथे खूण उमटणे बंद होते. कुलूपच त्याला सांगत असते की, ‘येथे पुरे, आता तेथे घास.’ वीसपंचवीस मिनिटांत किल्ली तयार होते. कुलूप मोडले नाही, जुन्या किल्लीचा नमुना पाहिला नाही. केवळ खुणा वाचून अक्षर जुळवावे तसे काम झाले. किल्लीवरून किल्ली कापण्याची यंत्रे आता शहरोशहरी आली आहेत. यंत्र एका बाजूला जुन्या किल्लीवर बोट फिरवते आणि दुसऱ्या बाजूला चाक नव्या किल्लीवर तोच चढउतार कापते. पण त्याला नमुना लागतो. नमुनाच हरवला तेव्हा यंत्र मुके होते आणि माणूस लागतो.

या कारागिरांपैकी पुष्कळजण शिकलगार समाजातले. एके काळी तलवारीला धार लावणारे हे हात; हत्यारांचे दिवस गेल्यावर ते कानस घेऊन रस्त्यावर आले. अशा माणसाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? घरात चोरी झाली की प्रथम आठवण त्याची होते. ज्याला उघडता येते तोच उघडणार, असे आपले तर्कशास्त्र! या न्यायाने शस्त्रवैद्यावर प्रत्येक खुनाचा संशय घ्यावा लागेल.

गुप्ततेचा भरवसा

कुलपाचे रहस्य झाकून ठेवावे म्हणजे चोर फिरकणार नाहीत, हा समज इंग्लंडातही होता. जोसेफ ब्रामा याने १७८४ साली एका कुलुपाचे पेटंट घेतले, आणि पुढे लंडनमधील आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगून, हे किल्लीवाचून उघडील त्याला दोनशे गिनी देऊ, असे जाहीर केले. साठ वर्षे ते तसेच लटकत राहिले. १८१८ सालच्या चब यांच्या कुलुपात आणखी युक्ती होती. कोणी भलत्या साधनाने लिव्हर जास्त उचलला की तो वरच अडकून राही, आणि मालकाला दुसऱ्या दिवशी किल्ली घालताच कळे की रात्री कोणी येऊन गेला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनास अमेरिकेचा आल्फ्रेड हॉब्ज आला. त्याने चबचे कुलूप सुमारे अर्ध्या तासात उघडले. मग ब्रामाचे घेतले. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास त्यावर घालवून तेही उघडले. लंडनमध्ये हलकल्लोळ झाला. हे उघड करून त्याने चोरांना शहाणे केले, अशी ओरड झाली. त्यावर त्या काळी दिले गेलेले उत्तर आजही मार्मिक वाटते: चोर आपल्या धंद्यात आधीच तरबेज आहेत, अज्ञानी राहतो तो गिऱ्हाईक. आणि झाले काय? कुलपे सुधारली. दोष झाकला असता तर चोर तेवढे शहाणे राहिले असते.

आपल्याकडेही या धंद्यात एक हट्टी माणूस उतरला. आर्देशीर गोदरेज हे मूळचे वकील. वकिली सोडून त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारे करून पाहिली. ते जमले नाही. मग १८९७ साली मुंबईत लालबागेस एका लहानशा शेडमध्ये कुलपांचा कारखाना काढला. विलायती मालाच्या तोडीचा देशी माल, हा त्यांचा आग्रह. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो लोखंडी मतपेट्या लागल्या. प्रत्येक पेटीला बाहेरून कुलूप लावणे खर्चाचे. म्हणून विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात पेटीतच आतून बंद होणारी कळ बसवली गेली. कोट्यवधी नव्या मतदारांचा विश्वास त्या कळीने राखला.

भिंत, दार आणि माणूस

आता आमच्या नाट्यरसिक श्रोत्यांना शर्विलकाची आठवण देतो. देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’मुळे तो आपल्या घरचाच झाला आहे. शूद्रकाच्या मूळ नाटकात हा ब्राह्मण चोर आपल्या जानव्याचे उपयोग सांगतो: भिंतीचे माप घेता येते, दागिन्यांचे फासे सोडवता येतात, आणि कळ लावून बंद केलेले दारही उघडता येते. म्हणजे आकडीचे काम करणारे साधन आपल्या रंगभूमीवर दीड हजार वर्षांपूर्वीच येऊन गेले आहे. पण चारुदत्ताच्या घरी तो दाराच्या वाटेला जात नाही; भिंत फोडतो. आणि शेवटी दागिने त्याच्या हाती कोण देतो? झोपेत बरळणारा मैत्रेय स्वतःच! या प्रवेशात घराच्या सुरक्षिततेचे सगळे धडे आले.

पहिला धडा असा की, चोर सर्वांत कच्ची जागा पाहतो. सात लिव्हरचे कुलूप घेऊन ते दोन स्क्रूंवर तोललेल्या कोयंड्यात अडकवले, तर चोर कुलुपाकडे पाहतच नाही. पहार घालून कोयंडा उपटतो. आकडी घेऊन पाच पिना चाचपीत बसण्याइतका वेळ घरफोड्याला नसतो. म्हणून कोयंडा दाराच्या आरपार बोल्ट घालून, आतून नट आवळून बसवावा. कुलुपाचा आकडा जाड पोलादाचा असावा आणि कोयंड्यात फारशी फट राहू नये, म्हणजे पहारेला शिरकाव मिळत नाही. उत्तम कुलूपही चोराला कायमचे रोखीत नाही. ते त्याचा वेळ खाते. तो वेळ कोणाच्या तरी नजरेस पडला पाहिजे. शेतातल्या एकाकी चाळीला बाजारपेठेतल्या दुकानापेक्षा भारी कुलूप का हवे, याचे उत्तर यात आहे.

दुसरा धडा मैत्रेयाचा. किल्ली तुळशीच्या कुंडीखाली किंवा दाराच्या चौकटीवर ठेवणे म्हणजे झोपेत दागिने देणे होय. आकड्यांच्या कुलुपाला कारखान्यातून आलेले शून्य शून्य शून्य तसेच ठेवणे, बँकेच्या कार्डाला जन्मसाल देणे, फोनवर आलेला गुप्त आकडा अनोळखी माणसाला वाचून दाखवणे, ही सगळी मैत्रेयाची भावंडे. जुने घर विकत घेतले की पहिल्या दिवशी कुलूप बदलावे. किल्ली करून घेताना समोर बसून करून घ्यावी. मोटारीच्या पेटीचे कुलूप गंजू नये म्हणून त्यात घट्ट तेल ओतू नये. धूळ धरून पिना अडतात. त्याऐवजी पेन्सिलीच्या शिशाची पूड चालते.

तिसरी गोष्ट कायद्याची. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत घरफोडीची व्याख्या करताना कुलूप ‘उघडून’ शिरणे हेही मोडून शिरण्याबरोबर धरले होते. तार नाजूक असली म्हणून गुन्हा नाजूक होत नाही. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही हीच दृष्टी आहे. रात्री संशयास्पद स्थितीत घरफोडीचे हत्यार सबळ कारणावाचून जवळ बाळगणे हाही महाराष्ट्रात पोलीस कायद्याखाली गुन्हा ठरतो. आणखी एक भेद आम्हांस फार बोलका वाटतो. अप्रामाणिकपणे बंद पेटी फोडणाऱ्यास कायदा दोन वर्षांपर्यंत कैद सांगतो. पण तीच पेटी विश्वासाने सांभाळावयास दिली असता जो उघडतो, त्यास तीन वर्षांपर्यंत. परक्याने कुलूप फोडले त्याहून आपल्या माणसाने विश्वास फोडला हे कायद्यालाही अधिक लागते.

म्हणून आमची विनंती अशी. घरी गेल्यावर आपले कुलूप एकदा हातात घेऊन पाहावे, त्याचा कोयंडा हलवून पाहावा, त्याच्या किल्ल्या किती आणि कोणाकोणाकडे आहेत ते मोजावे. एखादे निकामी कुलूप मुलांपुढे उघडून पितळेच्या पट्ट्या आणि स्प्रिंगा दाखवाव्या. यंत्रशास्त्राचा इतका स्वस्त धडा दुसरा नाही. आणि बाजाराच्या दिवशी कानस चालवीत बसलेला चावीवाला दिसला, तर दोन मिनिटे उभे राहून त्याचे काम पाहावे. आपल्या घराचे दार उघडण्याची विद्या त्याच्यापाशी आहे. ती असूनही तो आपल्या मजुरीचे पैसे घेतो आणि किल्ली आपल्या हाती देऊन मोकळा होतो. त्याच्या या सचोटीचा मान आपण राखला पाहिजे.